लघुउद्योगांचे डिजिटल विपणन

लघुउद्योगांचे डिजिटल विपणन म्हणजे लहान भांडवलावर चालणाऱ्या व्यवसायांनी आपला माल किंवा सेवा ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी इंटरनेट, स्मार्टफोन व समाजमाध्यमे यांचा केलेला वापर होय. किराणा दुकान, घरगुती खाद्यपदार्थ, शिवणकाम, शिकवणी वर्ग, हस्तकला, फळबागेतून थेट विक्री, दुरुस्ती सेवा इत्यादी व्यवसायांचा यात समावेश होतो. मोठ्या कंपन्यांकडे विपणनासाठी स्वतंत्र विभाग व मोठी तरतूद असते. लघुउद्योगात मात्र उत्पादन, खरेदी, हिशेब व विक्री ही कामे बहुधा मालक व त्याचे कुटुंबीयच करतात. त्यामुळे सर्व माध्यमांवर उपस्थित राहणे त्यांना शक्य नसते. कोणते माध्यम स्वीकारावे, कोणते सोडावे आणि त्यावर किती वेळ व पैसा खर्च करावा, हा निवडीचा प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

व्याख्या व व्याप्ती

भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची व्याख्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार केली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. लघुउद्योगासाठी ही मर्यादा अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपये आहे. अशा उद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ या संकेतस्थळावर होते. व्यवहारात ‘लघुउद्योग’ हा शब्द सूक्ष्म उद्योगांनाही लावला जातो. या लेखातही तो त्याच अर्थाने वापरला आहे.

डिजिटल विपणनाचे दोन मुख्य भाग पडतात. पैसे न देता मजकूर, छायाचित्रे किंवा चित्रफिती प्रसारित करून लक्ष वेधणे हा पहिला भाग, आणि पैसे देऊन जाहिरात दाखविणे हा दुसरा. पहिल्या भागाला ‘विनामूल्य’ म्हटले जात असले, तरी त्यासाठी लागणारा मालकाचा वेळ हाही खर्चच असतो.

पार्श्वभूमी

संकेतस्थळांवरील पट्टीच्या स्वरूपातील जाहिराती १९९४ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाल्या. गूगलने २००० मध्ये ‘ॲडवर्ड्स’ ही सेवा आणली. तिचे नाव २०१८ मध्ये ‘गूगल ॲड्स’ असे झाले. शोधलेल्या शब्दांनुसार जाहिरात दाखविण्याच्या व जाहिरातीवर टिचकी मारली गेली तरच पैसे आकारण्याच्या पद्धतीमुळे थोड्या रकमेतही जाहिरात करणे शक्य झाले. फेसबुकने २००७ मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पानांची सोय केली. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले व २०१२ मध्ये ते फेसबुकने विकत घेतले. व्हॉट्सॲप विकत घेत असल्याची घोषणा २०१४ मध्ये झाली. या तिन्ही सेवांची मालकी असलेल्या कंपनीचे नाव २०२१ पासून ‘मेटा’ असे आहे.

भारतात २०१६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘यूपीआय’ ही पैसे हस्तांतरणाची व्यवस्था सुरू झाली, तर सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर मोबाइल इंटरनेटचे दर झपाट्याने खाली आले. जानेवारी २०१८ मध्ये लहान व्यावसायिकांसाठी ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ उपलब्ध झाले. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात दुकाने बंद असताना अनेक विक्रेत्यांनी मागणी नोंदविण्यासाठी व घरपोच माल देण्यासाठी या साधनांचा प्रथमच आधार घेतला.

प्रमुख माध्यमे

गूगल बिझनेस प्रोफाइल
गूगल शोध व नकाशा यांवर दुकानाचे नाव, पत्ता, वेळ, दूरध्वनी व ग्राहकांचे अभिप्राय दाखविणारी ही विनामूल्य नोंद आहे. २०१४ ते २०२१ या काळात ती ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने ओळखली जाई. स्थानिक शोधातील क्रम प्रामुख्याने शोधाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती या तीन बाबींवर ठरतो. ‘जवळचा सुतार’ किंवा ‘सायकल दुरुस्ती’ असा शोध घेणाऱ्याला वस्तूची गरज आधीच पटलेली असते. म्हणून ज्या व्यवसायाचे गिऱ्हाईक परिसरातीलच असते, त्याला ही नोंद विशेष उपयुक्त ठरते.

व्हॉट्सॲप बिझनेस
यात वस्तूंची सचित्र यादी, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे, दुकान बंद असतानाचा संदेश व ग्राहकांचे वर्गीकरण या सोयी आहेत. ‘ब्रॉडकास्ट’ यादीतून पाठविलेला संदेश ज्यांनी विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच मिळतो. म्हणजेच हे माध्यम नवे ग्राहक शोधण्यापेक्षा जुने ग्राहक टिकविण्याचे आहे. डबा पुरविणारे, दिवाळीचा फराळ करणारे किंवा हंगामात आंबा विकणारे व्यावसायिक यांच्यासाठी ते सोयीचे आहे.

फेसबुक व इन्स्टाग्राम
कपडे, दागिने, खाद्यपदार्थ, मेंदी, सजावट यांसारख्या पाहताक्षणी आवडणाऱ्या गोष्टींना ही दृश्यप्रधान माध्यमे अनुकूल आहेत. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आल्यानंतर इन्स्टाग्रामवर ‘रील्स’ या लघुचित्रफितींचा प्रसार वाढला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व कुटुंबीय यांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. त्यामुळे व्यवसायांच्या पानांवरील विनामूल्य मजकूर कमी लोकांपर्यंत पोहोचू लागला. जाहिरात देताना ठरावीक गाव किंवा त्याभोवतालचा काही किलोमीटरचा परिसर निवडता येतो.

यूट्यूब
कृती, दुरुस्ती, शेती, शिकवणी यांसारख्या समजावून सांगण्याच्या विषयांसाठी हे माध्यम योग्य समजले जाते. येथील चित्रफीत शोधातून पुढे अनेक वर्षे सापडू शकते. मात्र ती तयार करण्यास लागणारे श्रम अधिक असतात.

लिंक्डइन
२००३ मध्ये सुरू झालेले हे व्यावसायिकांचे जाळे आहे. सुटे भाग, यंत्रकाम, लेखापरीक्षण अशा ज्या व्यवसायांचे ग्राहक इतर कंपन्या असतात, त्यांना ते उपयोगी पडते. किरकोळ विक्रेत्याला त्याचा फायदा क्वचितच होतो.

ई-बाजारपेठा व स्वतःचे संकेतस्थळ
ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारपेठांत तयार ग्राहकवर्ग मिळतो. परंतु दलाली, परत आलेल्या मालाचा खर्च, किमतींची स्पर्धा व ग्राहकाची माहिती बाजारपेठेकडेच राहणे या तेथील अडचणी आहेत. भारत सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’चा उद्देश एका कंपनीवरील हे अवलंबित्व कमी करणे हा आहे. स्वतःच्या संकेतस्थळासाठी दरवर्षी नाव व जागा यांचे शुल्क भरावे लागते. मात्र त्यावरील मजकूर व ग्राहकांची यादी उद्योगाच्या ताब्यात राहते.

निवडीचे निकष

माध्यमाची लोकप्रियता हा निवडीचा एकमेव निकष ठरू शकत नाही. सामान्यतः पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

• ग्राहक कोठे आहे : हाकेच्या अंतरावरील ग्राहकासाठी नकाशावरील नोंद, तर दूरच्या ग्राहकासाठी दृश्य माध्यम किंवा ई-बाजारपेठ.
• खरेदीचा निर्णय कसा होतो : गरज पडल्यावर शोधली जाणारी सेवा आणि पाहून घ्यावीशी वाटणारी वस्तू यांची माध्यमे भिन्न असतात.
• खरेदी किती वेळा होते : दूध, डबा, किराणा यांत टिकून राहणारा ग्राहक महत्त्वाचा, तर लग्नाची सजावट यांत सतत नवा ग्राहक लागतो.
• पुरवठ्याची क्षमता : दिवसाला ४० डबे बनविणाऱ्या खानावळीने ४०० मागण्या ओढवून घेतल्यास नावलौकिकाला बाधा येते.
• सातत्य : उत्तर न मिळालेल्या चौकशा व जुनी वेळापत्रके यांमुळे ग्राहक दुरावतो. चार माध्यमे अर्धवट सांभाळण्यापेक्षा एक किंवा दोन नीट सांभाळणे हितावह असते.

भाषेचा विचारही आवश्यक असतो. एकच वस्तू ग्राहक देवनागरीत, रोमन लिपीत किंवा इंग्रजी नावाने शोधतात. त्यामुळे दुकानाचे व वस्तूंचे नाव दोन्ही लिप्यांत देणे उपयुक्त ठरते. चित्रात लिहिलेला मजकूर शोधात सापडेलच असे नसते. म्हणून पत्ता, दर व वेळ युनिकोड मजकुरातही द्यावी लागते.

खर्च व मोजमाप

पसंतीची संख्या व अनुयायांची संख्या यांवरून विक्रीचा अंदाज येत नाही. लघुउद्योगासाठी चौकशीमागील खर्च, ग्राहकामागील खर्च आणि पुन्हा खरेदीचे प्रमाण ही मापे अधिक अर्थपूर्ण आहेत.

उदाहरणादाखल, एका घरगुती फराळ व्यवसायाने ३,००० रुपयांची जाहिरात दिली असे समजू. त्यावर १८ टक्के दराने ५४० रुपये वस्तू व सेवा कर धरता एकूण खर्च ३,५४० रुपये होतो. नोंदणी नसलेल्या उद्योगाला हा कर परत मिळत नाही. जाहिरातीतून ६० चौकशा आल्या आणि १२ जणांनी मागणी नोंदविली, तर प्रत्येक चौकशीमागे ५९ रुपये व प्रत्येक नव्या ग्राहकामागे २९५ रुपये खर्च झाला. एका मागणीत कच्चा माल, इंधन, मजुरी व वेष्टन वजा जाता १८० रुपये उरत असतील, तर पहिल्या विक्रीत दर ग्राहकामागे ११५ रुपये तोटा होतो. हाच ग्राहक वर्षातून तीन वेळा खरेदी करील, तर ५४० रुपयांतून २९५ रुपये वजा जाऊन २४५ रुपये नफा राहतो. एकच जाहिरात एका उद्योगाला तारक व दुसऱ्याला मारक का ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

ग्राहक कोठून आला हे कळण्यासाठी महागड्या साधनांची गरज नसते. ‘आपल्याला आमची माहिती कोठे मिळाली?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर मागणीच्या वहीत नोंदविणे, किंवा प्रत्येक माध्यमासाठी वेगळा सवलत संकेत ठेवणे, एवढ्यानेही काम भागते.

कायदेशीर चौकट

• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये अशा जाहिराती व शिफारशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.
• अभिप्राय : २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बाजारपेठेवरील विक्रेत्याला स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक प्रसिद्ध केले.
• प्रभावकांची जाहिरात : भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी दिलेल्या सूचनांनुसार मोबदला घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर तसा स्पष्ट उल्लेख असणे अपेक्षित आहे.
• अन्नपदार्थ : घरातून विक्री होत असली, तरी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो.
• वस्तू व सेवा कर : ई-बाजारपेठेतून माल विकणाऱ्याला पूर्वी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गतच विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर सवलत मिळाली.
• भौगोलिक मानांकन : हापूस आंबा, पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांसारख्या मानांकित नावांखाली दुसराच माल विकणे प्रत्यक्ष बाजाराप्रमाणेच समाजमाध्यमांवरही बेकायदेशीर आहे.
• वैयक्तिक माहिती : ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात संमती व ठरावीक हेतूपुरताच वापर ही मुख्य तत्त्वे आहेत. ग्राहकांचे क्रमांक विकत घेऊन त्यांवर संदेश पाठविणे या तत्त्वांशी विसंगत ठरते.

जोखीम व टीका

परक्या जागेत मांडलेल्या दुकानाप्रमाणे समाजमाध्यमावरील व्यवसाय मूळ कंपनीच्या निर्णयांवर अवलंबून असतो. २०२० मधील बंदीमुळे टिकटॉकवरून प्रसिद्धी करणाऱ्या भारतीय व्यावसायिकांचा प्रेक्षकवर्ग एकाएकी नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या असल्यामुळे तिघांवर असणे म्हणजे जोखीम विभागणे नव्हे, हे त्या वेळी दिसून आले. बिझनेस प्रोफाइलमधून विनामूल्य तयार होणारी संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. त्यामुळे ग्राहकांची नावे व क्रमांक त्यांच्या संमतीने स्वतंत्र वहीत किंवा संगणकात जतन करणे हा सावधगिरीचा सर्वांत स्वस्त उपाय मानला जातो.

फसवणूक ही दुसरी जोखीम आहे. मोठी मागणी नोंदविल्याचे भासवून ‘आगाऊ रक्कम जमा करण्यासाठी’ म्हणून क्यूआर कोड पाठवायचा व विक्रेत्याकडून पिन टाकून घ्यायचा, असे प्रकार घडतात. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. तो केवळ पैसे देताना लागतो. विकत घेतलेले अनुयायी, खोटे अभिप्राय व ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्या मध्यस्थांच्या योजना यांतूनही लहान उद्योगांचा पैसा वाया जातो.

सतत चित्रफिती तयार करण्याच्या दडपणामुळे कारागिराचा वेळ मूळ कामाकडून दूर जातो, अशी टीका केली जाते. वयस्कर दुकानदार व इंटरनेट जोडणी क्षीण असलेल्या भागांतील उत्पादक या स्पर्धेत मागे पडतात, हाही एक आक्षेप आहे. दुसरीकडे, दुकानाचे भाडे न परवडणाऱ्या गृहिणी व बचत गट यांना घरबसल्या बाजार मिळाला, ही या साधनांची जमेची बाजू आहे. मालाचा दर्जा, वेळेवर पुरवठा व तक्रारीचे निवारण यांना मात्र कोणतेही माध्यम पर्याय ठरत नाही. असमाधानी ग्राहकाचे मत पूर्वी गल्लीपुरते राहत असे, आता ते दुकानाच्या नावाखालीच सर्वांना वाचायला मिळते.

हेही पहा

• सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग
• जाहिरात
• समाजमाध्यमे
• ई-वाणिज्य
• ग्राहक संरक्षण
• भौगोलिक मानांकन