कांडवेल : मोडणं आणि झिजणं

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं, "सर, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कांडवेलीचा अर्क घ्यावा का?" मी वैद्य नव्हे, तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे आधी प्रश्नच तपासतो.

कांडवेल म्हणजे संस्कृतातली अस्थिशृंखला. चौकोनी, पेरापेरांचं खोड, हाडांच्या साखळीसारखं. कच्चं खाल्लं तर घसा खाजतो. तमिळ घरांत चिंच घालून तिची चटणी करतात ती म्हणूनच. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने ती तूप-दुधाबरोबर सांगितली. पण कशासाठी? मोडलेल्या हाडासाठी, निखळलेल्या सांध्यासाठी. १९६४ साली उडुपा आणि प्रसाद यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून पाहिलं तेही हाड जुळणंच, आणि तेही प्राण्यांत.

झीज हा निराळा प्रश्न आहे, बरं का. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, हे फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये मांडलं. त्या अंगाने कांडवेलीचा अर्क मणिपालला तपासला गेला, २००३ साली, अंडाशय काढलेल्या मादी उंदरांवर. निष्कर्ष आशादायक होते. पण उंदरांचे!

माझ्या आईचं मनगट मोडलं तेव्हा आम्ही तिला कांडवेल तुपात परतून दिली. प्लास्टरही होतंच. मनगट जुळलं, श्रेय वेलीला मिळालं. साठीतली बाई नुसती घसरून पडते आणि मनगट मोडतं, ते का, हे कुणी विचारलंच नाही. चार वर्षांनी तिचा खुबा मोडला.