रिकाम्या जागी काय भरायचे? : छायाचित्र-दुरुस्तीचा इतिहास आणि आपले जुने फोटो

१७ सप्टेंबर २०२३ रोजी मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाची सांगता झाली. त्या वर्षात जुन्या फोटोंना अचानक मागणी आली. शाळांच्या भित्तिपत्रकांसाठी, ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांसाठी, गौरवग्रंथांसाठी घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. वाळवी लागलेले, पाण्याने डागाळलेले, घडीवर फाटलेले फोटो फ्लेक्सवर मोठे होऊन चौकात आले. त्याच सप्टेंबर महिन्यात अ‍ॅडोबी कंपनीने फोटोशॉप या संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती बाजारात आणली. फोटोतला एखादा भाग निवडायचा, तिथे काय हवे ते शब्दांत लिहायचे, किंवा काहीच न लिहिता सोडून द्यायचे. प्रणाली ती जागा स्वतःच्या मनाने भरून देते. ‘जनरेटिव्ह फिल’ असे या सोयीचे नाव.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण तालुक्याच्या ठिकाणी फोटो दुरुस्त करून देणाऱ्याच्या टेबलावर त्या एकत्र येणे अटळ होते. फाटलेला अर्धा चेहरा पूर्ण करून देणारे साधन आणि तो पूर्ण करून मागणारे गिऱ्हाईक, दोन्ही आता समोरासमोर आहेत. म्हणून छायाचित्राच्या दुरुस्तीचा इतिहास नीट पाहण्याची हीच वेळ आहे. ‘पूर्वी फोटो खरे होते, संगणकाने ते खोटे केले’ हे विधान आपण सर्रास ऐकतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

काचेवरची पेन्सिल

फोटोत हात घालण्याची कला फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने एकाच व्यक्तीच्या फोटोच्या दोन प्रती, एक मूळची आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेली, शेजारी शेजारी मांडल्याचे फोटोग्राफीच्या इतिहासांत नमूद आहे. दोनच वर्षांनी, १८५७ साली, ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठे चित्र तयार केले. आपल्याकडे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. म्हणजे ही विद्या मुंबईत रुजत होती, त्याच सुमारास तिची कारागिरीही जगभर पसरत होती.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचा इतिहास निजामाच्या हैदराबाद राज्याचा. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. या राज्यातला सर्वांत मोठा फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढणारीही स्त्रीच होती.

त्या काळच्या स्टुडिओत रिटचिंग हे काम वेगळे मानले जाई. उतरत्या चौकटीत दुधी काच, तिच्याखाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, राळेचा पातळ हात देऊन ती किंचित खरखरीत करायची आणि सुईसारखे टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने बारीक रेघा ओढायच्या. निगेटिव्हमध्ये काळे ते छापील प्रतीत पांढरे होते. त्यामुळे चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर मोकळा दिसतो; तो पेन्सिलीने भरला की प्रतीत डाग जातो. उलट काही गडद करायचे असेल तर चाकूच्या टोकाने थर खरवडायचा. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे अशी जात. देवी हा रोग घरोघर होता, देशातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. तरीही जुन्या फोटोंतले कितीतरी चेहरे गुळगुळीत आहेत, ते या पेन्सिलीमुळे.

त्यापुढचे पाऊल रंगाचे. कागदावरच्या प्रतीला पारदर्शक जलरंग देत. संस्थानिकांच्या दरबारांत तर रंगाचा थर इतका जाड चढे, की खालचा फोटो जवळजवळ झाकून जाई. मध्यमवर्गीय घरांत गालांवर गुलाबी छटा आणि दागिन्यांवर पिवळा ठिपका एवढ्यावर भागे.

कुंकू की बुक्का?

या कारागिरीमागे एक तांत्रिक कारण होते आणि आजच्या चर्चेत ते विसरले जाते. सुरुवातीच्या काचा फक्त निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला जाग्या होत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने थरात रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरव्यापर्यंत आणले. या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा आणि फिल्म पुढे कित्येक दशके चालल्या. लाल रंग त्यांना दिसतच नसे. डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई, ही लहान स्टुडिओंची मोठी सोय होती. सर्व रंग टिपणारी ‘पँक्रोमॅटिक’ फिल्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, ती रुळायला वेळ लागला.

याचा अर्थ असा, की अशा फोटोत निळे आकाश पांढरे फटफटीत येते आणि लाल वस्तू काळी येते. सावळी, तांबूस कातडी असते त्याहून काळी दिसते. म्हणून रिटचिंगवाला चेहरा उजळत असे. आणि कपाळावरचे लाल कुंकू काळे उमटते.

हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. या भागात वारी करणारी घरे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. वारकऱ्याच्या कपाळावर काळा बुक्का असतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल कुंकवाचा टिळा आणि काळा बुक्का यांत फरक करता येत नाही, दोन्ही गडद ठिपके. लाल फेटा आणि काळा फेटा यांचेही तेच. निजामी अमदानीतली लाल रुमी टोपी आकाराने ओळखता येते, रंगाने नाही. ही माहिती फोटो काढतानाच हरवलेली आहे. मागाहून कितीही चांगले यंत्र आणले तरी फोटोतून ती परत निघणार नाही.

फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून ‘न्यूरल फिल्टर्स’ आले. त्यातला एक फिल्टर काळ्या-पांढऱ्या फोटोला काही क्षणांत रंग देतो. लाखो रंगीत चित्रांवरून तो शिकलेला असतो. करड्या छटेवरून बहुधा कोणता रंग असेल, याचा तो अंदाज बांधतो. अंदाज कधी बरोबरही येतो. पण आजोबांच्या कपाळावर त्याने बुक्क्याच्या जागी लाल टिळा दिला, तर घराची एक खूण पुसली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या रंगाऱ्याचा गुलाबी गाल पाहताच कळे की हा रंग दिलेला आहे. फिल्टरचा रंग तसा दिसत नाही. फरक पडला आहे तो इथे.

अजिंठ्याचा धडा

दुरुस्ती कुठवर करावी, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. अजिंठ्याच्या लेण्यांनी तो दीडशे वर्षांपूर्वीच विचारला. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या नकला करत होता. वर्षानुवर्षांचे हे काम लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतांश जळाले. मधल्या काळात गिलने कॅमेरा हाती घेतला होता; १८६० च्या दशकात त्याची लेण्यांची छायाचित्रे पुस्तकरूपाने लंडनमध्ये निघाली होती. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. चित्रे उठून दिसावीत म्हणून नकला करताना भिंतींवर वार्निश फिरवले गेले होते.

१९१४ साली निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खाते निघाले. गुलाम यझदानी त्याचे संचालक. त्यांच्या काळात, १९२० नंतर, लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, त्यामुळे बरीच चित्रे वाचली. पण त्यांनी चित्रांवर लाखेचा थरही दिला. तो पुढे पिवळसर पडला, त्यात धूळ अडकली. नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे जुने थर उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले.

त्या माणसांची नियत चांगली होती, कसबही होते. अडचण एवढीच, की केलेली दुरुस्ती मूळ वस्तूतच मिसळली. या आणि अशा अनुभवांतून जगभरच्या जतनशास्त्रात दोन नियम पक्के झाले. पहिला, दुरुस्ती पुन्हा काढून टाकता आली पाहिजे. दुसरा, ती ओळखता आली पाहिजे. इटलीच्या चेझारे ब्रांदी यांनी याची मांडणी केली. रोममधल्या त्यांच्या संस्थेत भित्तिचित्रातली गळलेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरत. दुरून पाहिले तर चित्र सलग वाटते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि भरणी कुठे आहे ते कळते. पाहणाऱ्याला आनंद मिळतो, अभ्यासकाची फसवणूक होत नाही.

आवृत्त्यांचा प्रवास

या दोन नियमांच्या कसोटीवर फोटोशॉपच्या आवृत्त्या लावून पाहिल्या की त्यांचा इतिहास वेगळाच दिसतो. थॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकन भावांनी केलेली ही प्रणाली अ‍ॅडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणली. शेजारचा तुकडा उचलून डागावर बसवण्याचे हत्यार तिच्यात सुरुवातीपासून होते. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर्स आले. मूळ फोटो खाली तसाच ठेवून वरच्या पारदर्शक थरावर काम करता येऊ लागले. नको असेल तेव्हा थर काढून टाकायचा. अजिंठ्याला जे जमले नाही ते संगणकात सोपे झाले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या कामाची पायरी-पायरी नोंद दिसू लागली. म्हणजे पहिला नियम पाळण्याची सोय या प्रणालीत पंचवीस-तीस वर्षांपासून आहे.

२००२ च्या ७.० या आवृत्तीत ‘हीलिंग ब्रश’ आला. गावोगावच्या डीटीपीच्या वर्गांत बरीच वर्षे हीच आवृत्ती शिकवली गेली. हा ब्रश आजूबाजूच्या कातडीचा पोत आणि उजेड जुळवून डाग भरतो. काचेवरच्या पेन्सिलीचा तो थेट वारस. २०१० मध्ये ‘कंटेंट-अवेअर फिल’ आले. मोठी जागा निवडली की त्याच फोटोतल्या इतर भागांवरून ती भरली जाई. इथवर एक मर्यादा पाळली जात होती: भरणीचा माल त्याच फोटोतून येत होता.

२०२३ मध्ये ही मर्यादा ओलांडली गेली. जनरेटिव्ह फिल बाहेरून शिकलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे नवी आकृती घडवते आणि एकाच जागेसाठी तीन पर्याय समोर ठेवते. एका हरवलेल्या कानाला तीन कान मिळतात, यातच त्या भरणीचे स्वरूप उघड होते. तिची जोडीदार सोय फोटोच्या चौकटीबाहेरचा भाग वाढवून देते. समूहातून कापून घेतलेल्या फोटोला यामुळे नवे खांदे, नवी भिंत, क्वचित नवी माणसेही मिळतात. जुन्या शाळेच्या फोटोत पुढे धरलेल्या पाटीवरचे पुसट उर्दू किंवा देवनागरी शब्द तिने भरले, तर अक्षरांसारखे दिसणारे अर्थहीन आकार उमटू शकतात. त्या पाटीवर शाळेचे नाव आणि साल असते. फोटोची तारीख ठरवायला बहुतेक वेळा तेवढाच पुरावा असतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की ही भरणी वेगळ्या लेअरवरच येते, मूळ फोटो खाली शाबूत राहतो. केलेल्या बदलांची नोंद फाइललाच जोडण्याची ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ ही सोयही आली आहे. पण आपल्याकडे काम संपले की सगळे थर एकत्र करून जेपीजी काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. थरही गेले आणि जोडलेली नोंदही गेली. यंत्रात असलेला नियम व्यवहारात टिकत नाही.

आपल्यापुरते काय?

मोठ्या नेत्यांच्या फोटोंची मला फार चिंता नाही. स्वामी रामानंद तीर्थांचे फोटो अनेक आहेत, एक बिघडला तर दुसऱ्याशी ताडून पाहता येतो. प्रश्न आहे त्या माणसांचा, ज्यांचा आयुष्यात एकच फोटो निघाला. सत्याग्रहात गेलेला शेतकरी, रझाकारांच्या काळात गाव सोडलेली बाई, जत्रेत पडद्यापुढे उभे राहिलेले जोडपे. त्यांच्याशी ताडून पाहायला दुसरे काही नाही. त्यांच्या चेहऱ्याचा हरवलेला अर्धा भाग यंत्राने भरला, की पुढच्या पिढीसाठी तोच त्यांचा चेहरा होतो. पणती त्या नाकाशी आपले नाक जुळवून पाहील, आणि ते नाक कोणाचेच नसेल.

म्हणून दुरुस्ती करूच नये असे मी म्हणत नाही. देवघराशेजारी लावायचा फोटो स्वच्छ असावा, ही इच्छा रास्त आहे. पण काही गोष्टी कोणत्याही दुकानात, कोणत्याही आवृत्तीवर पाळता येतील. दुरुस्तीआधी मूळ फोटो पुढून आणि मागून स्कॅन करावा. पाठीवरचा शिक्का आणि हस्ताक्षर हेही दस्तऐवजच असतात. डाग, घड्या, चिरा काढाव्यात, पण चेहरा, अक्षरे आणि कपाळावरची खूण नव्याने घडवू नये. रंग द्यायचाच तर घरातल्या वयस्कर माणसाला विचारून द्यावा आणि प्रतीच्या खाली ‘रंग नंतर दिले आहेत’ एवढे लिहावे. स्मरणिका आणि गौरवग्रंथ काढणाऱ्यांनी दुरुस्त फोटोशेजारी मूळ फोटो लहान आकारात तरी छापावा. आणि काम झाल्यावर फाटका फोटो टाकून देऊ नये. यंत्राने केलेला अंदाज खरा की खोटा, हे उद्या कोणाला तपासायचे असेल तर त्याच्या हाती तो फाटका तुकडाच असेल.