शिक्षेनंतरचे दप्तर

कर्ज फिटले की सावकाराने खत परत करावे, अशी आपल्याकडची रीत. (तो करीत नसे, ही गोष्ट निराळी.) शिक्षा भोगून आलेल्याचे खत सरकारदप्तरातून केव्हा सुटते, हे पाहण्यासाठी मी जुने कायदे चाळू लागलो.

हाती आला तो 1958 चा अपराधी परिवीक्षा कायदा. लहानसहान चोरी, फसवणूक असा पहिलाच गुन्हा असेल, तर ताकीद देऊन सोडावे. मृत्युदंड वा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीचा जामीनकतबा घ्यावा. अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असे बारावे कलम सांगते. कलम उदार खरे, पण मला ते टोचते. ज्याला तुरुंग घडलाच नाही, त्याला सवलत. ज्याने सहा महिने कोठडीत काढून हिशेब पुरा केला, त्याच्यासाठी तेथे अवाक्षर नाही! शिवाय पुसली जाते ती अपात्रता, दोष नव्हे. ज्या वर्तनामुळे शिक्षा झाली, त्याबद्दल खाते नोकरीतून काढू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये म्हटले. अल्पवयीनांची कागदपत्रे नष्ट करण्याची तरतूद 2015 च्या कायद्यात आहे, तीही घोर गुन्ह्यांत सोळा वर्षांवरील काहींना सोडून.

इंग्लंडने 1974 मध्ये दुसरी वाट धरली. सहा महिन्यांपर्यंतची कैद असेल तर सात वर्षे, अडीच वर्षांपर्यंतची असेल तर दहा वर्षे नीट वागावे. मग ती शिक्षा बहुतेक व्यवहारांत झालीच नाही असे धरावे. अडीच वर्षांवरील कैद्याला तो दरवाजा बंद होता. पुढे तो बराच उघडला. त्यात दोष असतील, पण मुदत मोजता तरी येते.

आपल्याकडे प्रौढ कैद्याला उरते घटनेचे 161 वे कलम, म्हणजे राज्यपालांची माफी. शिक्षेतली सूट नुसती मुदत कमी करते, पूर्ण माफी दोषालाच हात घालते. कमांडर नानावटींची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये कायम केली आणि 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्यांच्या पाठीशी वृत्तपत्रे होती, आरमार होते. सायकलचोरीत सहा महिने काढून आलेल्या माणसाने त्याच टेबलावर अर्ज ठेवला, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार?