चरखा आधी थांबला

विलायती कापडाने देशी विणकर बुडाला, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान खोटे नाही. परंतु अपुरे आहे. परदेशी मालाचा पहिला घाव कोष्टी-साळ्यांच्या मागावर नव्हे, तर माजघरातील चरख्यावर बसला.

एक माग चालता ठेवावयाचा, तर अनेक चरखे फिरत राहावे लागत. कताईचे हे काम बहुतांशी स्त्रियांचे. विधवा, वृद्धा आणि शेतीच्या कामातून उसंत मिळालेल्या बाया सूत कातून बाजारात विकीत व घरखर्चाला हातभार लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील यंत्रांवर काढलेले एकसारख्या पिळाचे स्वस्त सूत या देशात उतरू लागले, तेव्हा विणकरांनी ते आपणहून घेतले. त्यात त्यांचा दोष काय? ताणा कमी तुटे आणि भावही परवडे. सन १८२८ मध्ये बंगालमधील ‘समाचार दर्पण’ या पत्रात शांतिपूरच्या एका विधवेचे गाऱ्हाणे छापून आले होते. सुताच्या कमाईवर तिने मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे श्राद्ध केले. विलायती सूत आल्यावर मात्र तिच्या सुताला गिऱ्हाईक उरले नाही. अशा असंख्य स्त्रियांपैकी एकीचे तरी शब्द टिकले, एवढेच.

सुतामागून कापड आले. येथे केवळ यंत्राची करामत नव्हती. जकातीचा तराजूही वाकडा होता. सन १८१३ च्या सुमारास हिंदी सुती कापडाच्या काही प्रकारांवर इंग्लंडमध्ये किमतीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक कर होता, तर इंग्लंडचा माल येथे नाममात्र जकातीवर येई. सन १८५३ नंतर लोहमार्ग देशात आत शिरले. खानदेश-वऱ्हाडातील कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे आणि कापडाच्या गाठी बंदराकडून गावोगावी जाऊ लागल्या. या गाठी खेड्यापर्यंत पोचविणारे हात देशी व्यापाऱ्यांचेच होते, हे कापडाच्या पेठेने विसरू नये. तरीही माग सर्वस्वी बंद पडला नाही. काठपदराची लुगडी, खण, जाडेभरडे कापड यांची गिऱ्हाइकी त्याच्याकडे राहिली. ज्या स्वस्त सुताने चरखा मोडला, त्याच सुताने मागाला काही काळ तगविले, हा या इतिहासातील विलक्षण पेच होय.

सन १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणी स्थापन केली व दोन वर्षांनी तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे गिरण्या वाढल्या, घाट-कोकणातील माणसे पोटासाठी गिरणगावात आली. मुंबईचे सूत चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले, आणि तेथील हातकताईवर तोच प्रसंग ओढवला. आयातीची झळ आणि निर्यातीचा नफा ही एकाच वहीची दोन पाने असतात.

लँकेशायरच्या गिरणीमालकांना ही स्पर्धा खपली नाही. त्यांच्या दडपणाखाली सन १८८२ मध्ये हिंदुस्थानातील कापडावरील आयात जकात रद्द झाली. सरकारी तिजोरीच्या ओढीमुळे सन १८९४ मध्ये ती पुन्हा बसविणे भाग पडले. तेव्हाही लँकेशायरचे समाधान पाहिले गेले. सन १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही नेमका तेवढाच उत्पादनकर लादण्यात आला. आपल्याच देशात विणलेल्या कापडाने परक्या मालाच्या बरोबरीने कर भरावा, असा हा न्याय! हातमाग त्यातून वगळला होता, हे मात्र नमूद केले पाहिजे. सन १९०५ च्या स्वदेशी चळवळीमागे वंगभंगाचा क्षोभ होता, तसाच या कराचा सलही होता. पुण्यात त्याच वर्षी परदेशी कपड्यांची होळी झाली.

हा कर स्थगित झाला सन १९२५ च्या अखेरीस, आणि रद्द झाला १९२६ मध्ये. म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. त्यानंतर चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेली मोटारलॉरी अडविताना बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. तो पुणे जिल्ह्यातील म्हाळुंगे पडवळचा. मुंबईत गिरणीकामगार होता.