हुकूम कोणाच्या बोलीत?

कारखान्यात नवे यंत्र आले, की आम्ही चळवळीतली माणसे पहिला प्रश्न विचारतो : किती हात रिकामे होणार? 1983 साली बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात संगणकांविषयी करार झाला, तेव्हाही वाद मुख्यतः यंत्रे किती आणि कोठे, याचाच होता. दुसरा प्रश्न मागे राहिला. यंत्राला हुकूम द्यायचा, तो कोणाच्या बोलीत?

अंधेरीत 1973 साली सीप्झ उभे राहिले. 1986 च्या अर्नेट प्रकल्पात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी सामील झाल्या. या उपनगरांत जो संगणकावर बसला, त्याला हा प्रश्न टळला नाही. हुकमांची यादी फायलीत लिहून ठेवली की तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती कशी चालवावी, हे सांगणारी जोडसूचना म्हणजे पर्याय. युनिक्समध्ये पर्यायापूर्वी आडवी रेघ, डॉसमध्ये तिरकी. पुढे 1983 साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फायलींचे कप्पे आले, तेव्हा तिरकी रेघ आधीच कामाला लागलेली होती; म्हणून कप्प्यांच्या वाटेसाठी उलटी रेघ घ्यावी लागली. विंडोजने तोच वारसा चालवला.

1980 साली डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये एक सोय केली. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच, ती वाचणाऱ्या आज्ञावलीचे नाव लिहावे. पण त्या ओळीत दोन पर्याय लिहिले, तर मॅक ते दोन मानतो आणि लिनक्स दोन्ही मिळून एकच शब्द समजतो. मग स्क्रिप्ट अडते. विंडोज तर फायलीच्या नावाचे शेपूट पाहून वाचक ठरवते.

हा गोंधळ आवरण्यासाठी 1988 साली पोझिक्स हे मानक निघाले, आणि 1992 साली शेल व त्याचे हुकूमही त्यात आले. आमच्या भाषेत हा सर्वांना लागू असा करार. पण पहिल्या ओळीचे कलम त्यात ठरलेच नाही. तिच्यातले पर्याय सुटे करण्याची तोड फ्रीबीएसडीत 2005 साली आणि लिनक्सच्या साधनांत 2018 साली निघाली.

करारात जे कलम राहून जाते, त्याची किंमत पुढे काम करणारा मोजतो, हे आम्ही वाटाघाटीत पुष्कळदा पाहिले. ज्याचे कसब एकाच मालकाच्या यंत्रावर चालते, त्याला दुसरे दार ठोठावता येत नाही. म्हणून प्रशिक्षणाची मागणी करताना आपण एवढे कलम घालावे : आधी सामायिक बोली शिकवा, मग कंपनीची.