सर्ट-इनची वाटचाल : दिल्लीपासून भोसरीपर्यंत

संगणकांवरील हल्ल्यांना तोंड देण्यासाठी ‘इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम’ जानेवारी २००४मध्ये दिल्लीत कामाला लागली. सर्ट-इन हे तिचे रुळलेले नाव. डॉ. गुलशन राय यांनी महासंचालक म्हणून दीर्घकाळ तिची धुरा वाहिली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने कलम ७०-ब आले आणि संस्थेला वैधानिक अधिष्ठान लाभले. त्याच दुरुस्तीतील कलम ६९-बने नेटवर्कवरील वाहतुकीची माहिती गोळा करण्याचा अधिकार सरकारला दिला. संस्थेच्या सायबर सरावांच्या निमित्ताने पाळत ठेवली जाईल, अशी शंका काहींना वाटते; तिचे मूळ इथे आहे.

हे सराव म्हणजे संस्थेने पुढे सुरू केलेले कृत्रिम हल्ले. सहभागींना काल्पनिक प्रसंग देतात, मग टप्प्याटप्प्याने नवे संदेश धाडतात: सर्व्हर बंद पडला, खंडणीची मागणी आली. कोणी कोणाला कळवायचे, कोणते यंत्र नेटवर्कवरून तोडायचे, याचा कस लागतो. असे शंभरहून अधिक सराव झाले. चौदाशेहून अधिक संस्था त्यांत उतरल्या.

या सरावांची गरज महाराष्ट्राला लवकरच पटली. जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले; पुण्याजवळच्या चाकणचा निर्यातमाल याच बंदरातून जातो. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि प्रकरण निगडी पोलिसांत गेले.

त्याच सुमारास, १ मार्च रोजी, मुंबईत ऑक्टोबर २०२०मध्ये वीज खंडित होण्यामागे सायबर घातपात असल्याचा संशय राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी व्यक्त केला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चुकीवर बोट ठेवले. एकाच घटनेची दोन सरकारी कारणे ऐकल्यावर सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा?

या विश्वासाची खरी कसोटी सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी लागली. घटना सहा तासांत कळवा, लॉग म्हणजे संगणकीय नोंदी १८० दिवस जपा, संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची होती. काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले. भोसरीच्या गाळ्यातल्या लघुउद्योजकापुढची अडचण वेगळी. सीएनसी यंत्राला जोडलेला संगणक जुना, अपडेट करायला हात धजत नाही, आणि आयटी विभाग म्हणजे मालक स्वतःच. शिवाय मागितल्यास लॉग द्यायचे, म्हणजे धंद्याचा हिशेब सरकारदरबारी उघडा पडणार, ही धास्ती. घड्याळाची अट मात्र रास्त होती. दोन यंत्रांच्या वेळा जुळत नसतील तर हल्लेखोर आधी कुठे शिरला, हे सांगता येत नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२पर्यंत मुदतवाढ मिळाली, हे संस्थेच्या समंजसपणाचेच लक्षण.

नोव्हेंबर २०२३मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत टाकले गेले. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता तिची माहिती मागण्याचा मार्ग बंद झाला. तांत्रिक तपशील गुप्त राहणे समजण्याजोगे. पण सरावांतून काय उणे निघाले, त्याचा गोषवारा प्रसिद्ध करायला काय हरकत होती? संशयाला खतपाणी मिळाले ते या मौनामुळे.

तरीही संस्थेचे काम थांबले नाही. २०२४मध्ये तिने वीस लाखांहून अधिक घटना हाताळल्या. चाकण-भोसरीच्या उद्योजकांनी शंका जरूर विचाराव्यात, लेखी विचाराव्यात; पण हल्ला झालाच तर तो लपवू नये. सर्ट-इनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९ आहे.