प्रतिरक्षा संदेशक प्रथिने व आंत्ररोग

प्रतिरक्षा संदेशक प्रथिने (सायटोकाइने) ही पांढऱ्या रक्त कोशिका, तसेच आंत्राच्या (आतड्याच्या) अंतःस्तरातील कोशिका यांच्याकडून अत्यल्प प्रमाणात स्रवणारी लहान प्रथिने असून त्यांच्याद्वारे एका कोशिकेचा संदेश दुसरीस मिळतो. आंत्रात असंख्य सूक्ष्मजंतूंचे कायम वास्तव्य असते. त्यांना सहन करणे आणि रोगकारक जंतूंचा मात्र प्रतिकार करणे, हा समतोल या प्रथिनांवर अवलंबून असतो. काही प्रथिने शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करतात, तर इंटरल्यूकीन-१० सारखी प्रथिने त्यास आवर घालतात. हे प्रथिन तयार करू न शकणाऱ्या उंदरांना चिरकारी आंत्रशोथ होतो, असे १९९३ मध्ये आढळून आले.

या प्रथिनांपैकी इंटरफेरॉनाचा शोध ॲलिक आयझॅक्स व झां लिंडनमान यांनी १९५७ मध्ये लंडन येथे लावला. १९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे लॉइड ओल्ड व त्यांचे सहकारी यांना बीसीजी जंतू व नंतर जंतूंचे अंतर्विष दिलेल्या उंदरांच्या रक्तरसात अर्बुदांचा नाश करणारा घटक आढळला. त्यास ‘अर्बुद ऊतकमृत्यू घटक’ (टीएनएफ) हे नाव मिळाले. बरिल क्रोन व सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या आंत्रशोथात (क्रोन रोगात) या घटकाचा मोठा वाटा असतो, असे पुढे दिसून आले. त्यास निष्प्रभ करणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिपिंडास १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन रोगासाठी मान्यता मिळाली. तथापि या औषधानंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षयजंतूंना कणार्बुदात कोंडून ठेवण्याचे कार्यही हाच घटक करीत असल्यामुळे तो निष्प्रभ होताच सुप्त जंतू पुन्हा सक्रिय होऊ शकतात.

मुंबईत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील (स्थापना १९९०) अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तालुक्यांत अनेक ठिकाणी वस्ती अतिशय दाट असून अशा वस्तीत क्षयरोग सहज पसरतो. आंत्राचा क्षय व क्रोन रोग हे दोन्ही बहुधा शेषांत्र व उंडुक यांच्या संधीजवळ होतात. व्रण, आंत्राचा संकोच व कणार्बुदे दोहोंतही आढळतात. त्यामुळे निदान संदिग्ध असल्यास प्रथम दोन-तीन महिने क्षयरोधी औषधे देऊन परिणाम पाहण्याची पद्धत आहे. मात्र क्षयजंतू औषधरोधी असल्यास गुण येत नाही व क्रोन रोगाचा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. त्या वेळी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या चार रुग्णांची नोंद माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील चिकित्सकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली होती.

म्हणून टीएनएफरोधी औषध देण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र, त्वचा परीक्षा किंवा रक्तपरीक्षा करून सुप्त क्षयाचा शोध घेतात. रक्तपरीक्षेत क्षयजंतूंच्या प्रतिजनांमुळे स्रवणारे गॅमा इंटरफेरॉन मोजतात. निदानासाठी उपयोगी पडणारा हा पदार्थही संदेशक प्रथिनच होय. स्टेरॉइडे घेणाऱ्या रुग्णांत ही परीक्षा फसवी ठरू शकते. त्यामुळे उपचार चालू असतानाही ताप, खोकला किंवा वजनातील घट यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. [⟶ क्षयरोग].